काळ्या वर्तुळात आहे काय?

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारीतून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारातून, बाहेर पडून, पुढचा चढ चढून घामाघूम झालेला माणूस जनार्दनस्वामींच्या स्थानापाशी पोहोचतो. चपला काढतो आणि पादुकांपुढे वाकतो. जनार्दनस्वामी हे एकनाथ महाराजांचे गुरू. सोळाव्या शतकात ते याच किल्ल्यावर अधिकारी होते. वाकणाऱ्याला हे ठाऊक असतं, कधी नसतंही. समोर असतात ती फक्त पावलं. चेहरा नाही, हात नाहीत, अंगावरचं वस्त्र नाही. तरी ‘यात स्वामी कुठे आहेत?’ असं आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

तोच माणूस कधीतरी मुंबईला जातो आणि उन्हातून सुटका म्हणून एखाद्या कलादालनात शिरतो. भिंतीवर सय्यद हैदर रझांचं चित्र असतं. मधोमध थोरलं काळं वर्तुळ, भोवती करडी-तपकिरी वलयं, खाली दोन-चार त्रिकोण. तो डोकं खाजवतो, शेजारच्याला हळूच म्हणतो, “यात आहे काय? हे तर आमचा बंड्यापण काढेल.”

गंमत अशी की घरी पूजेला बसल्यावर हाच माणूस सुपारीला गणपती मानतो, तांब्यावर नारळ ठेवून त्यात देवी पाहतो आणि शेतातल्या शेंदूर फासलेल्या दगडापुढून नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे चिन्ह वाचण्यात तो कच्चा नाही, उलट पक्का तयार आहे. मग कलादालनातच त्याची गाडी का अडते? आणि रझा, प्रभाकर बरवे, वासुदेव गायतोंडे यांच्यासारखे चित्रकार अध्यात्म रंगवतात म्हणजे नेमकं काय करतात?

चिन्ह म्हणजे खुंटी

चौकातला लाल दिवा हे चिन्हच आहे, पण त्याचा अर्थ एकच: थांबा. त्यात ज्याने त्याने आपापला अर्थ शोधला तर अपघात होतील. अशा चिन्हाला संकेत म्हणू. अध्यात्मातलं चिन्ह या जातीचं नसतं. ते भिंतीतल्या खुंटीसारखं असतं. खुंटी स्वतः काही सांगत नाही. तिच्यावर कुणी सदरा टांगतं, कुणी कंदील, कुणी वीणा. अट एवढीच, की खुंटी भिंतीत घट्ट बसलेली हवी आणि हात पोहोचेल अशा उंचीवर हवी.

याचं उत्तम उदाहरण दौलताबादहून पुढे वेरूळला मिळतं. तिथलं 10 क्रमांकाचं लेणं म्हणजे बौद्ध चैत्यगृह. आत स्तूप आहे आणि स्तूपाला टेकून सुमारे 15 फूट उंचीची बसलेली बुद्धमूर्ती. छत दगडाचंच, पण त्यात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. हे सुतारकाम पाहून मागच्या पिढ्यांतल्या सुतारांनी ठरवून टाकलं की ही तर आपली जागा, आणि समोर बसलेला हा आपला विश्वकर्मा. लेण्याला ‘विश्वकर्मा’ आणि ‘सुताराची झोपडी’ ही नावं पडली ती अशी. मूर्ती तीच. बौद्ध उपासकाने तिच्यावर करुणा टांगली, सुताराने आपला हातोडा-पटाशी.

दौलताबाद किल्ल्याच्या आतलं भारतमाता मंदिरही तसंच. जुन्या देवळांचे खांब वापरून 1318 मध्ये खिलजी काळात तिथे मशीद उभी राहिली, आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर तिथेच भारतमातेची मूर्ती बसवली गेली. खांब जागचे हलले नाहीत, त्यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्यांची मनं बदलत गेली.

आता कलादालनातल्या अडचणीकडे येऊ. पादुकांच्या भोवती फुलं असतात, गुलाल असतो, अगरबत्तीचा वास असतो, पुढचा माणूस वाकलेला दिसतो. आजीने लहानपणी मान धरून नमस्कार करायला लावलेला असतो. खुंटी ज्या भिंतीत बसली आहे ती भिंत ही अशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असते. कलादालनात यातलं काहीच नाही. पांढरी भिंत, वरून सोडलेला दिवा आणि कोपऱ्यात जांभया देणारा रखवालदार. तिथे चित्रकाराला खुंटीबरोबर भिंतही स्वतःच उभारावी लागते, आणि तीही रंग, आकार आणि मोकळी जागा एवढ्याच सामानात.

आधी स्तूप, मग मूर्ती

ही अडचण आजच्या चित्रकारांपुढे पहिल्यांदा आली असं नाही. अजिंठ्याचं 10 क्रमांकाचं लेणं ख्रिस्तपूर्व काळातलं. तिथला स्तूप साधा आहे. गोल घुमट, वर चौकोनी हर्मिका, बस्स. स्तूपावर बुद्धाची आकृती नाही. त्याच डोंगरातलं 26 क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, तिथे स्तूपाच्या पोटातूनच बुद्ध प्रकट झालेला आहे. दोन्ही ठिकाणी माणसं प्रदक्षिणाच घालत होती. नुसत्या आकारावर भागत होतं, तरीही पुढे आकृती हवीशी वाटली.

वेरूळच्या 15 व्या लेण्यात, दशावतार लेण्यात, याच प्रश्नाचं शिल्प करून ठेवलं आहे. शिव अंत नसलेल्या स्तंभाच्या रूपात आहे. ब्रह्मा त्याचं टोक शोधायला वर गेला आहे, विष्णू बुंधा शोधायला खाली. अंत नसलेली गोष्ट दगडात दाखवायची म्हणजे शिल्पकारापुढे पेचच. त्याने स्तंभाला मध्ये उघडून त्यातून शिव बाहेर काढला आणि शोधणाऱ्या दोघांनाही तिथेच ठेवलं. निराकार दाखवता येत नाही, पण त्याच्यापुढे झालेली तारांबळ दाखवता येते. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते.

सत्तरच्या दशकात पॅरिसहून आलेला एक चित्रकार अजिंठा-वेरूळ पाहून गेला. त्या वेळी त्याचं नाव झालेलं होतं, पैसा होता, आणि आपल्या चित्रांत काहीतरी कमी आहे अशी टोचणी होती. तो चित्रकार म्हणजे रझा.

रझांचा बिंदू

रझांचा जन्म 1922 चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील जंगलखात्यात. शाळेत या मुलाचं चित्त थाऱ्यावर नसे. नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी एक दिवस भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे बघत बस, म्हणून सांगितलं. हा किस्सा रझा आयुष्यभर सांगत राहिले. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून, 1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढून 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले. तिथे गावं, चर्च, घरं, निसर्ग असं पुष्कळ रंगवलं. गुरुजींचा ठिपका मात्र कॅनव्हासवर ठाण मांडून बसला तो 1980 च्या आसपास. त्याआधी अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात अशी भटकंती झालेली होती.

बिंदू ही रझांची स्वतःची निर्मिती नव्हे. तंत्रमार्गातल्या यंत्रांमध्ये तो मधोमध असतोच. वर टोक असलेला त्रिकोण पुरुष, खाली टोक असलेला प्रकृती, पाच रंग म्हणजे पंचमहाभूतं, हा सगळा वारसा त्यांनी उचलला. म्हणजे खुंटी जुनीच. त्यांचं काम होतं ती नव्या भिंतीत बसवणं, आणि ते त्यांनी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या आधाराने केलं.

डोळा काय करतो

आपल्याला वाटतं की समोरचं सगळं दृश्य आपल्याला एकसारखं स्पष्ट दिसतं. तसं नसतं. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या, फार तर दुप्पट, भागातलंच डोळ्याला खरं बारीक दिसतं. बाकी सगळं धूसर असतं. ही उणीव भरून काढण्यासाठी डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत दृश्य चाचपत असतो आणि मेंदू त्या तुकड्यांचं अखंड चित्र जुळवतो. बाजारात, रस्त्यावर, मोबाइलवर या उड्या चालूच असतात.

आता समोर मोठं, गडद, अगदी मधोमध बसवलेलं वर्तुळ आलं की काय होतं? डोळ्याला उडी मारायला दुसरी तितकी ठळक जागाच उरत नाही. तो फिरून फिरून तिथेच येतो आणि थोड्या वेळाने तिथे टेकतो. टेकल्यावर आणखी एक गोष्ट घडते. एका कोऱ्या कागदावर मध्ये पेनाने ठिपका काढा. चार बोटं बाजूला पेन्सिल बोटाने घासून एक फिकट डाग करा. आता डोळा न हलवता ठिपक्याकडे बघत राहा. थोड्याच वेळात बाजूचा डाग विरघळतो, डोळा जरा हलला की परत येतो. स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी हे 1804 मध्ये नोंदवलं. एकाच ठिकाणी तेच ते येत राहिलं की दृष्टीच्या पेशी त्याची दखल घेणं सोडून देतात. बदल झाला तरच त्या जाग्या होतात.

रझांच्या काळ्या वर्तुळाभोवतीची वलयं एकमेकांत हळूहळू मिसळलेली असतात. मध्ये नजर ठरली की कडेची फिकट वलयं वितळतात, नजर किंचित ढळली की पुन्हा उमटतात. त्यामुळे वर्तुळ फुगल्यासारखं, आकसल्यासारखं वाटतं. रंगीत पट्ट्यांच्या कडा थरथरतात त्यामागेही डोळाच असतो. आरशावर चिकटवलेल्या लाल टिकलीकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे वळा. भिंतीवर हिरवट-निळसर टिकली तरंगताना दिसेल. लाल बघून थकलेल्या पेशी मागे पडतात आणि उरलेल्यांचा रंग वर येतो. चित्रात अशा रंगांना शेजार दिला की ते एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत.

योगातल्या त्राटकाचा, म्हणजे एकाच जागी नजर रोखून धरण्याचा, अनुभव ज्यांना आहे त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. पण म्हणून अध्यात्म म्हणजे डोळ्याचा थकवा, असा शहाणपणा करायचं कारण नाही. डोळा ठरतो इथपर्यंतची गोष्ट शरीराची. ठरलेल्या डोळ्यामागे बसून माणूस काय करतो, हे टिकलीच्या प्रयोगातून कळत नाही.

यात एक अडचणही आहे. वर्तुळ कुणालाही काढता येतं. 2009 मध्ये दिल्लीत रझा स्वतःच्याच चित्रांच्या एका प्रदर्शनाला गेले, आणि तिथली कितीतरी चित्रं आपली नाहीतच असं त्यांच्या लक्षात आलं. चिन्ह चोरता येतं. वलयांची ती वितळण, रंगांचं ते वजन चोरणं अवघड. आणि खरं सांगायचं तर रझांच्या शेवटच्या वर्षांतले काही बिंदू मलाही शिक्का मारल्यासारखे वाटतात. तिथे खुंटी उरली आणि भिंत पातळ झाली.

> चौकट: थोडक्यात
>
> संकेत म्हणजे एकच ठरलेला अर्थ असलेली खूण. सिग्नलचा लाल दिवा, औषधाच्या दुकानावरची फुली.
>
> प्रतीक म्हणजे अनेक अर्थांना आधार देणारी खूण. पादुका, कलश, स्तूप, बिंदू. त्याला परिसराचा, सवयीचा किंवा रचनेचा टेकू लागतो.
>
> यंत्र म्हणजे बिंदू, त्रिकोण, वर्तुळ, पाकळ्या अशा आकारांची उपासनेसाठी केलेली ठरावीक मांडणी.
>
> नवतांत्रिक कला म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत यंत्रांचे आकार उपासनेतून उचलून आधुनिक चित्रात आणणारा भारतीय प्रवाह.

सोफ्याला शोभणारा बुद्ध

या नवतांत्रिक प्रवाहाबद्दल जरा बोललं पाहिजे. पश्चिमेत चित्र आणि अध्यात्म यांची गाठ त्याच्या कितीतरी आधी पडली होती. कांडिन्स्कीचं कलेतल्या अध्यात्मावरचं पुस्तक 1911 च्या अखेरीस आलं. त्याने थिऑसॉफीचं वाचन केलेलं होतं, म्हणजे आपल्या ॲनी बेझंट बाईंच्या मंडळींचं. तिकडे गेलेला माल साठ वर्षांनी इकडे परत आला आणि परदेशी गिऱ्हाईकाला तो आवडलाही. मग ज्याला त्याला ॐ, कुंडलिनी आणि श्रीयंत्र सुचू लागलं. चांगले चित्रकार त्यातून पुढे निघून गेले. उरलेला भाग आज हॉटेलांच्या लॉबीत, फर्निचरच्या दुकानांत दिसतो: अर्धे मिटलेले डोळे, सोनेरी वर्ख आणि सोफ्याच्या रंगाला शोभणारा बुद्ध. तो संकेत झालेला असतो. त्याचा अर्थ एकच: इथे शांतता आहे, कृपया दर विचारा.

बरव्यांनी खुंटी रिकामी केली

प्रभाकर बरवे याच प्रवाहात उतरले आणि बाहेर आले. जन्म 1936, अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे.तून 1959 मध्ये पदविका घेतली आणि सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. साठच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत ते बनारसला होते. दिवसा रेशमी कापडाची नक्षी, आणि अवतीभवती घाट, स्मशान, तांत्रिक, यंत्रं. त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत हे सगळं दिसतं.

मुंबईत परतल्यावर हळूहळू त्यांनी ते सोडून दिलं. सत्तरनंतरच्या त्यांच्या चित्रांत देव नाही, यंत्र नाही. असतं काय? झाडाचं पान. घड्याळ. पिन. एखादं फळ. खोका. ढग. ज्या गोष्टींपुढे कुणी हात जोडत नाही अशा गोष्टी. 1976 चा ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच वळणावर मिळाला.

आता साध्या पानात अध्यात्म कुठून आणायचं? बरव्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. त्यांनी एनॅमल पेंट वापरला, म्हणजे आपण दारं-खिडक्या रंगवतो तो. हा रंग सपाट पसरतो, त्यात कुंचल्याचा फटकारा दिसत नाही, चित्रकाराचा हात जणू पुसला जातो. त्या सपाट, फिकट पृष्ठावर पान येतं ते नुसत्या काटेकोर कडेनिशी. त्याची सावली त्याला चिकटलेली नसते. कधी ती दुसरीकडेच पडते, कधी वस्तू जाते आणि सावली राहते.

वस्तू जवळ आहे की लांब, टेबलावर आहे की हवेत, केवढी आहे, हे मेंदू सावलीवरून आणि शेजारच्या वस्तूंवरून ठरवतो. हे दोन्ही आधार काढून घेतले की पान तळहाताएवढं की डोंगराएवढं, सांगता येत नाही. त्याला जागा राहत नाही, वेळ राहत नाही, उपयोग राहत नाही. आपण ते नाव घेऊन बाजूला सारू शकत नाही. ‘पान आहे’ म्हणून नजर पुढे सरकत नाही, कारण हे आपल्या ओळखीचं पान राहिलेलंच नसतं.

रझांनी ओळखीची खुंटी नव्या भिंतीत बसवली. बरव्यांनी घरातल्या कुठल्याही वस्तूवरचं टांगलेलं सगळं उतरवलं आणि तिचीच खुंटी केली. स्वतःच्या या प्रक्रियेविषयी त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिलं, मौजेने काढलेलं. मराठीत चित्रकाराने चित्रविचारावर इतकं नेमकं लिहिलेलं फार थोडं आहे. 1995 मध्ये ते गेले. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्याची बातमी झाली ती मात्र उद्घाटनातल्या भाषणावरून. बोलणाऱ्या अभिनेते अमोल पालेकरांना मध्येच अडवल्याचं सगळ्यांना आठवतं, भिंतीवर काय होतं ते फारच थोड्यांना.

गायतोंड्यांनी खुंटीच काढली

वासुदेव संतू गायतोंडे मूळ गोव्याकडचे, जन्म 1924 चा, नागपूरचा. 1948 मध्ये जे. जे.तून बाहेर पडले. सुरुवातीला त्यांच्याही चित्रांत आकृत्या होत्या, पण त्या पातळ होत गेल्या आणि शेवटी चिन्हंही गेली. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज हे त्यांचे विचारांचे सोबती. निसर्गदत्त म्हणजे मुंबईच्या खेतवाडीत राहून अद्वैत सांगणारे, विडीच्या दुकानावर संसार केलेले गृहस्थ. या सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी येते: जे जे दाखवता येतं ते ते वजा करत जा. चित्रकाराने हे मनावर घेतलं तर कॅनव्हासवर काय उरेल?

उरले थर. गायतोंडे कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाईफ वापरत. पातळ तैलरंगाचा एक थर, तो खरवडणं, त्यावर दुसरा. वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले कपटे रंगात टेकवून ते पुन्हा उचलायचे, की खालचा रंग काही जागी सुटून येतो आणि काही जागी अडकतो. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं व्हायची, त्यातही बराचसा वेळ नुसतं बसून कॅनव्हासकडे बघण्यात जायचा. वरवर योगायोगाने पडल्यासारखे दिसणारे ते डाग असे मोजूनमापून आलेले असत. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास कित्येक वर्षं थांबले, तरी घाई केली नाही.

बघणाऱ्याच्या बाजूने काय होतं ते पाहू. प्रकाश वरच्या अर्धपारदर्शक थरातून आत जातो, खालच्या थरांवर आपटून परत येतो, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. कडा नसलेले फिके आकार ट्रॉक्सलरच्या डागासारखे येत-जात राहतात. शिवाय मेंदूला रिकामं बसवत नाही. ढगात घोडा आणि भिंतीच्या ओलीत म्हातारा शोधायची त्याची जुनी खोड आहे. गायतोंड्यांपुढे तो पहिली काही मिनिटं हेच करतो: हे पाणी असेल, ही लिपी असेल, हे क्षितिज. चित्र त्याला कशालाच हो म्हणत नाही. आणि मग तो अंदाज बांधणं सोडतो. बहुतेक प्रेक्षक त्याआधीच पुढच्या चित्राकडे गेलेले असतात, हा भाग वेगळा.

2013 मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. तेव्हापासून लोक त्यांच्या चित्रापुढे जरा जास्त वेळ थांबतात. थांबण्याचं कारण काहीही असो.

ही चित्रं मोबाइलवर बघून मत बनवू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगतो. रझांचा बिंदू छापील कॅलेंडरवरही निम्मा तरी पोहोचतो. बरव्यांचं पान पुस्तकात बऱ्यापैकी टिकतं, फक्त एनॅमलची चकाकी जाते. गायतोंडे पडद्यावर जवळजवळ शून्य होतात, कारण पडदा स्वतःच उजळलेला असतो आणि थरांतून परतणारा प्रकाश त्यात दिसत नाही. मुंबईला काळा घोड्याकडे जाणं झालं आणि सर कावसजी जहांगीर हॉलमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात यांच्यापैकी कुणाचं काही मांडलेलं असेल, तर आधी चित्राच्या रुंदीइतक्या अंतरावर उभे राहा, मग बाजूला जाऊन तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहा. रोलरची धार कुठे थांबली, कपटा कुठे उचलला, हे त्या तिरप्या नजरेतच दिसतं. पाटीवरचं नाव शेवटी वाचा. गायतोंड्यांच्या बहुतेक चित्रांना नाव नाहीच.